साथीच्या काळात कॅन्सरचं ऑपरेशन नेमकं कुठे अडतं?

२०२० च्या मार्च, एप्रिल आणि मे या तीन महिन्यांत देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांत मिळून ५१,७६० नवे रुग्ण नोंदले गेले. आदल्या वर्षी याच तीन महिन्यांत हा आकडा १,१२,२७० होता. मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२० वरून ८,६७७ वर आल्या. ही मोजदाद नॅशनल कॅन्सर ग्रिडने केली. देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांचं हे जाळं असून त्याची सूत्रं परळच्या टाटा मेमोरियलमधून हलतात. २०२१ मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

कॅन्सर काही त्या तीन महिन्यांत निम्म्यावर आला नव्हता. साठ हजार माणसं नोंदवहीत दिसली नाहीत, कारण ती घरी होती. कुणाच्या तोंडात न भरणारी जखम होती, कुणाच्या छातीत गाठ, कुणाच्या घशात घास अडकत होता. त्यांतल्या बहुतेकांना करोना झालाही नसेल. तरी साथीने त्यांचं नुकसान केलं, आणि करोनाच्या मृत्यूंच्या कोणत्याही यादीत ते धरलं जाणार नाही. हा विषय नीट उलगडून सांगावा असं मला वाटतं ते याचसाठी.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसते. सगळे उपचार सारखे घसरले नाहीत. मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी कमी झाल्या, दिवसभरात देऊन घरी पाठवायची केमो ३७ टक्क्यांनी, आणि रेडिएशन, ज्याला गावाकडे अजूनही 'शेक' म्हणतात, ते घेणारे रुग्ण २३ टक्क्यांनी. रुग्णालय तेच, डॉक्टर तेच, लॉकडाऊनही तोच. मग ऑपरेशनलाच सगळ्यात जास्त फटका का बसला?

एका ऑपरेशनला काय काय लागतं

गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर घेऊ. भारतात पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सगळ्यात जास्त आढळतो. तंबाखू, गुटखा, मावा, मिश्री ही कारणं आपल्याला ठाऊक आहेतच. अशा रुग्णाची आधी बायोप्सी होते, म्हणजे जखमेचा छोटा तुकडा काढून तपासतात. मग आजार जबड्याच्या हाडात किंवा मानेतल्या गाठींत उतरला आहे का ते पाहायला सीटी स्कॅन. मग रक्त, छातीचा एक्स-रे, हृदयाची तपासणी. हे सगळं भूलतज्ज्ञ बघतात आणि 'फिटनेस' देतात. त्यानंतर तारीख मिळते. परळच्या फूटपाथवर किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत थांबलेली माणसं एकमेकांना विचारतात तो प्रश्न असतो, "तारीख मिळाली का?"

ऑपरेशनच्या दिवशी बऱ्याचदा नाकातून नळी घालून भूल दिली जाते, कारण काम तोंडातच करायचं असतं. कॅन्सर आजूबाजूच्या थोड्या निरोगी भागासकट काढतात, गरज असेल तर जबड्याचा तुकडाही काढतात, आणि मानेतल्या गाठी साफ करतात. मग गालाला पडलेलं भगदाड भरायचं असतं. त्यासाठी मांडीची कातडी आणि मांस किंवा पायाचं एक हाड आणून बसवतात आणि त्याच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. याला 'फ्लॅप' म्हणतात. आठ-दहा तास सहज जातात. पुढचा दिवसभर सिस्टर तासातासाला फ्लॅपचा रंग बघतात. तो काळा-निळा दिसू लागला तर रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. श्वासासाठी अनेकदा गळ्याला छिद्र पाडून नळी बसवलेली असते, जेवण नाकातल्या नळीतून. एक-दोन रात्री आयसीयूत आणि नंतर बरेच दिवस वॉर्डात काढावे लागतात. ज्यांना पुढे रेडिएशन लागतं, त्यांचं ते साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू झालेलं बरं असतं.

आता यातली माणसं मोजा. दोन वेगवेगळ्या शाखांचे सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर, तंत्रज्ञ, रक्तपेढी, आयसीयूचा खाट आणि व्हेंटिलेटर, पॅथॉलॉजीची लॅब, वॉर्डबॉय, आयाबाई. यातला एक जरी दुवा निखळला तरी त्या दिवशीचं ऑपरेशन होत नाही. रेडिएशनचं तसं नसतं. यंत्र चालू आहे, तंत्रज्ञ आलेला आहे आणि रुग्ण दारात पोहोचला, तर काम होतं. आयसीयू लागत नाही, रक्ताची बाटली लागत नाही, भूल बहुधा लागत नाही.

साथीने नेमके हेच दुवे उचलून नेले. भूलतज्ज्ञांचं उदाहरण घ्या. व्हेंटिलेटर हाताळण्यात त्यांचा हात सगळ्यात तयार असतो, त्यामुळे करोनाचे आयसीयू उभे राहिले तेव्हा पहिली हाक त्यांनाच आली. मुंबईत महापालिकेचं नायर रुग्णालय एप्रिल २०२० मध्ये करोनासाठी राखून ठेवलं गेलं. केईएम आणि सायनमध्ये वॉर्डच्या वॉर्ड करोनाच्या रुग्णांनी भरले. वांद्रे-कुर्ला संकुलात आणि गोरेगावच्या नेस्कोत जंबो केंद्रं उभी राहिली. तिथे खाटा आणता आल्या, पण शिकलेली माणसं शहरात होती तेवढीच होती. निवासी डॉक्टर, मग त्यांची शाखा कोणतीही असो, करोना ड्यूटीवर गेले. त्याच एप्रिलमध्ये मुंबईतली काही मोठी खासगी रुग्णालयं कर्मचाऱ्यांना लागण झाल्याने काही काळ बंद ठेवावी लागली. तिथे ज्यांना तारखा मिळाल्या होत्या त्यांचं काय झालं असेल, याचा विचार त्या वेळी फार थोड्या बातम्यांनी केला.

तोंड, घसा, नाक, अन्ननलिका या भागांच्या कॅन्सरमध्ये आणखी एक अडचण होती. विषाणू राहतो नाका-घशात, आणि सर्जनला काम करायचं असतं तिथेच. नळी घालताना, गळ्याला छिद्र पाडताना, हाड कापताना बारीक थेंब हवेत उडतात. भूलतज्ज्ञाचं तोंड त्या वेळी रुग्णाच्या तोंडापासून हातभर अंतरावर असतं. लस नव्हती त्या काळात हे काम त्यांनी केलं. एन-९५ मास्क, वर चष्मा, वर पारदर्शक ढाल, अंगात पीपीई किट असं सगळं चढवून. घामाने चष्म्यावर वाफ धरते, समोरच्याचं बोलणं नीट ऐकू येत नाही, पाणी प्यायला बाहेर जायचं तर सगळं उतरवून पुन्हा घालावं लागतं. त्यात दोन ऑपरेशनांच्या मध्ये खोली स्वच्छ करून हवा बदलेपर्यंत थांबायचं. त्यामुळे जिथे पूर्वी दिवसाला तीन ऑपरेशनं होत, तिथे दोनच झाली तरी ती काही हलगर्जी म्हणता येणार नाही.

रक्ताची गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. लाल पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट मात्र जेमतेम पाच दिवस. म्हणजे रक्तपेढीला सतत दाते लागतात. मुंबईत ते येतात कॉलेजांतून, ऑफिसांतून, मंडळांच्या शिबिरांतून. कॉलेजं बंद, ऑफिसं बंद, चार माणसं जमवायला बंदी. शिबिरंच थांबली तर मोठ्या ऑपरेशनला रक्त आणायचं कुठून, आणि ज्याच्या प्लेटलेट केमोमुळे उतरल्या आहेत त्याला द्यायचं काय? ऑगस्ट २०२० मध्ये लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला आणि रक्तदान, प्लाझ्मादान ठेवलं. टाटा आणि केईएम तिथून हाकेच्या अंतरावर आहेत. त्या वर्षीच्या उत्सवात याहून मोलाचं काम मला दुसरं दिसत नाही.

थांबायचं की करायचं

आता जोखमीकडे येऊ, कारण डॉक्टरांची खरी कोंडी तिथे होती.

एका बाजूला ऑपरेशन करण्याचा धोका. मे २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये २४ देशांतल्या १,१२८ रुग्णांचा अभ्यास आला. ऑपरेशनच्या आधीचे सात दिवस ते नंतरचे तीस दिवस, या काळात करोनाची लागण झालेले हे रुग्ण होते. त्यांतले २३.८ टक्के तीस दिवसांच्या आत दगावले. निम्म्याहून अधिकांना फुप्फुसाचा त्रास झाला. यातली बहुतेक ऑपरेशनं तातडीची होती हे खरं, तरीही आकडा अंगावर येतो. कारण समजायला अवघड नाही. भूल आणि मोठी जखम शरीरावर आधीच ताण टाकतात, दुखण्यामुळे रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकून कफ काढत नाही, आणि त्याच फुप्फुसात विषाणू वाढत असतो.

दुसऱ्या बाजूला थांबण्याचा धोका. नोव्हेंबर २०२० मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणानुसार कॅन्सरचं ऑपरेशन चार आठवड्यांनी लांबलं की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. हा आकडा वाचताना अनेकांची गफलत होते, म्हणून उदाहरण देतो. सारख्या स्थितीतल्या १०० रुग्णांपैकी वेळेवर ऑपरेशन होऊनही २० दगावणार असतील, तर महिनाभराच्या उशिराने ते साधारण एकवीस-बावीस होतात आणि तीन महिन्यांच्या उशिराने चोवीस-पंचवीस. एकेका रुग्णापुढे हा फरक बारीक वाटेल. हजारो ऑपरेशनं पुढे गेली की तो बारीक राहत नाही.

शिवाय आकडा सरासरीचा आहे. गालाचा कॅन्सर दोन महिन्यांत हाडापर्यंत किंवा कवटीच्या तळापर्यंत पोहोचला, तर तेच ऑपरेशन अशक्य होऊन बसतं. थायरॉइडच्या काही कॅन्सरना मात्र सहा महिने थांबवलं तरी बहुधा काही बिघडत नाही. प्रोस्टेटच्या अनेक रुग्णांना इंजेक्शनवर ठेवता येतं. रक्ताचा तीव्र कॅन्सर आठवडाभरही थांबत नाही. 'कॅन्सर' या एका नावाखाली इतके वेगवेगळे आजार आहेत.

२० मार्च २०२० ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने रुग्णालयांना सूचना दिली, की अत्यावश्यक नसलेल्या, ठरवून करायच्या शस्त्रक्रिया पुढे ढकला. सूचना चुकीची नव्हती, खाटा मोकळ्या करायच्याच होत्या. पण कॅन्सरची बहुतेक ऑपरेशनं तारीख देऊनच होतात. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा आणि कॅन्सर यांना एकाच यादीत टाकलं तर यादी सोपी होते, रुग्ण मात्र अडकतो. माझ्या मते पहिल्या काही आठवड्यांत अनेक ठिकाणी हेच झालं, आणि पुढच्या साथीत हे टाळणं अगदी हातातलं आहे. कॅन्सरच्या ऑपरेशनांची वेगळी यादी हवी, आणि त्या यादीत कोण किती आठवडे थांबू शकतो याची वर्गवारी हवी.

टाटा रुग्णालयाने ऑपरेशनं चालू ठेवायची ठरवली. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या दिवसांत तिथे ठरवून केलेल्या ४९४ मोठ्या कॅन्सर शस्त्रक्रिया झाल्या. देशभर सगळं बंद असतानाचे हे दिवस. त्यांतला एकही रुग्ण ऑपरेशननंतर दगावला नाही, गंभीर गुंतागुंत ५.६ टक्क्यांत झाली. सहा जणांना नंतर करोना निघाला, पण त्यांतल्या कुणालाही त्यासाठी आयसीयू लागला नाही. परळमधल्या एका इमारतीत मिळालेला हा निकाल जगभरच्या सर्जनांना उपयोगी पडला, कारण तोवर हातात होते ते मुख्यतः घाबरवणारे आकडे.

'लॅन्सेट'मधला तो अभ्यास आणि टाटाचा हा अभ्यास एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण तसे नाहीत. पहिल्यातले सगळे रुग्ण लागण झालेले होते. दुसऱ्यात रुग्ण निवडून घेतले होते, आणि बहुतेकांना लागण नव्हती. मतलब असा, की धोका ऑपरेशनपेक्षा लागणीत जास्त आहे. लागण दूर ठेवता आली तर ऑपरेशन करता येतं. ५५ देशांतल्या ९,१७१ कॅन्सर रुग्णांच्या अभ्यासातही हेच दिसलं. जिथे ऑपरेशन थिएटर, आयसीयू आणि वॉर्ड करोनाच्या रुग्णांपासून पूर्ण वेगळे ठेवले होते तिथे फुप्फुसाची गुंतागुंत २.२ टक्के, जिथे नव्हते तिथे ४.९ टक्के. दार वेगळं, लिफ्ट वेगळी, सिस्टर वेगळ्या, ऑपरेशनच्या आधी नाकातली तपासणी. महागडं यंत्र यात एकही नाही, पण जागा लागते आणि शिस्त लागते.

ज्यांना करोना होऊन गेला त्यांनी कधी ऑपरेशन करावं? ११६ देशांतल्या १,४०,२३१ रुग्णांच्या पाहणीतून मार्च २०२१ मध्ये उत्तर आलं, की शक्य असेल तर सात आठवडे थांबावं. हे लसीकरणाच्या आधीच्या काळातल्या रुग्णांवरून काढलेलं उत्तर आहे. आणि 'शक्य असेल तर' हे शब्द कॅन्सरच्या रुग्णासाठी फार महत्त्वाचे आहेत. त्याचा आजार सात आठवडे थांबेल का, हे आधी बघावं लागतं.

मधल्या काळात काय करता येतं

विरारला राहणाऱ्या माझ्या आत्याला एप्रिल २०२० मध्ये आंघोळ करताना छातीत गाठ लागली. तिने आम्हाला सांगितलं ते गौरी-गणपतीच्या सुमारास. मी जरा आवाज चढवूनच विचारलं, तर म्हणाली, "अरे, लोकल बंद, तुम्ही सगळे घरात अडकलेले. आणि दुखत तर काहीच नव्हतं, मग कशाला जिवाला घोर लावायचा?" स्तनातली कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून बायका थांबतात. हे साथीच्या आधीही होतं. साथीने त्याला एक पटणारं कारण दिलं.

एका खासगी रुग्णालयात तिची तपासणी झाली, तारीख मिळाली, आणि तिथल्या थिएटरच्या कर्मचाऱ्यांना लागण झाल्याने ती तारीख गेली. फोनवर एका ओळीचा निरोप आला, पुढची तारीख नाही. घरात सगळ्यांचं अवसान गळालं. पण बायोप्सीच्या तपासणीत तिची गाठ हार्मोनवर वाढणारी निघाली होती. डॉक्टरांनी रोज एक गोळी सुरू केली, लेट्रोझोल. पाळी गेलेल्या बायकांमध्ये अशा गाठीचं खाद्यच ही गोळी तोडते, त्यामुळे गाठ काही महिने आटोक्यात राहू शकते, लहानही होते. थंडीत तिचं ऑपरेशन झालं. आत्या आता बरी आहे. तिची गाठ दुसऱ्या जातीची असती तर आम्हाला ती मुदत मिळाली नसती.

पुलासारखे असे उपचार त्या काळात बरेच वापरले गेले. तोंडाच्या कॅन्सरमध्ये टाटाच्या डॉक्टरांनी आधीपासून अभ्यासलेल्या मेथोट्रेक्झेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या होत्या, ज्या घरी बसून घेता येतात. त्यांचा मूळ अभ्यास प्रगत आजारावरचा, पण वाट बघणाऱ्या रुग्णांसाठीही डॉक्टरांनी हा मार्ग विचारात घेतला. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये पाच आठवड्यांच्या रेडिएशनऐवजी पाच दिवसांचं रेडिएशन आणि मग काही आठवडे थांबा, अशी सोय आधीपासून होती, ती जास्त वापरात आली. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर पंधरा वेळा द्यायचं रेडिएशन काही रुग्णांना पाच वेळांत देता येतं, असा ब्रिटनमधला अभ्यास एप्रिल २०२० मध्येच प्रसिद्ध झाला. नांदेडहून आलेल्या माणसाला मुंबईत पंधराऐवजी पाच दिवस राहावं लागणं म्हणजे काय, हे धर्मशाळेत राहिलेल्याला विचारावं.

रुग्णालयापर्यंत पोहोचणं

नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या अभ्यासात मोठ्या शहरांतल्या केंद्रांमध्ये घसरण जास्त दिसली. मुंबईकराला याचं नवल वाटायला नको. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्री लोकल थांबल्या. १५ जूनपासून अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी त्या सुरू झाल्या. कॅन्सरच्या रुग्णांना आणि दिव्यांगांना त्यांत चढायची परवानगी मिळाली ती ऑक्टोबरमध्ये. मधले चार महिने डॉक्टर, सिस्टर आणि पालिका कर्मचारी त्या गाडीने परळला जात होते, पण ज्याच्यासाठी ते जात होते तो कर्जत किंवा पालघरचा रुग्ण जाऊ शकत नव्हता. ही परवानगी जूनमध्येच, केसपेपर दाखवून, देता आली असती असं मला आजही वाटतं. परगावचे लोक तर त्याहून लांब अडकले. उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधून उपचाराला आलेली कितीतरी कुटुंबं मुंबईतच राहिली, ना घरी जाता येत होतं ना राहायला धड जागा.

जे पोहोचले आणि भरती झाले त्यांचा अनुभव वेगळाच होता. सोबत एकच नातेवाईक, कधी तोही नाही. गळ्यात नळी असलेला माणूस बोलू शकत नाही, तो पाटीवर किंवा वहीत लिहून सांगतो. एरवी बायको किंवा भाऊ ओठांवरून, खुणेवरून ओळखतो. तिथे समोर पीपीईमधली अनोळखी सिस्टर. संध्याकाळी कुणीतरी फोन समोर धरायचं, पलीकडे घरचे बोलायचे, आणि हा मान हलवायचा.

केमो चालू असलेल्यांना ताप आला की मोठीच पंचाईत. केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरतात तेव्हाचा ताप ही तातडीची गोष्ट असते. तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. पण साथीत ताप म्हणजे आधी करोनाची तपासणी, आधी ताप असलेल्यांची वेगळी रांग. त्या रांगेत गेलेला वेळ या रुग्णाला परवडत नाही. म्हणून केमो घेणाऱ्याने ताप आल्यावर दारातच सांगायचं असतं, की माझी केमो चालू आहे आणि शेवटचा डोस अमुक तारखेला झाला.

आणि वेदना. ज्यांचा आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे, त्यांना दुखण्यापासून आराम देणं हे सगळं काम मॉर्फिनच्या गोळीवर उभं असतं. २५ मार्च २०२० ला सरकारने फोनवरून किंवा व्हिडिओवरून उपचार देण्याचे नियम जाहीर केले आणि त्याचा लाखोंना फायदा झाला. पण त्या नियमांत अंमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधं फोनवर लिहून द्यायला मनाई होती. मॉर्फिन त्यातच येतं. म्हणजे चालू न शकणाऱ्या माणसाच्या गोळ्यांसाठी कुणाला तरी कागद घेऊन रुग्णालय गाठावंच लागे. गैरवापराची भीती खरी आहे, तरी आधीपासून नोंद असलेल्या रुग्णाला ठरावीक दिवसांच्या गोळ्या घरपोच मिळण्याची वाट काढायला हवी होती.

नंतरची गर्दी

साथ ओसरली की सगळं पूर्ववत होईल, असं पहिल्या लाटेनंतर वाटत होतं. एक तासाचा मेगाब्लॉक संपल्यावर दादरच्या फलाटावरची गर्दी एका तासात हटत नाही. ऑपरेशनांचंही तेच झालं. २०२० मधल्या एका जागतिक अंदाजानुसार, साथीच्या भराच्या बारा आठवड्यांत सुमारे २ कोटी ८४ लाख ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द किंवा लांबणीवर पडणार होत्या, त्यांत २३ लाख कॅन्सरच्या. रुग्णालयांनी नेहमीपेक्षा २० टक्के जास्त काम केलं तरी हा अनुशेष भरायला ४५ आठवडे लागतील असा तो हिशोब होता. मग दुसरी लाट आली. १७ एप्रिल २०२१ च्या पहाटेपर्यंत मुंबई महापालिकेला प्राणवायू अपुरा पडल्यामुळे सहा रुग्णालयांतले १६८ रुग्ण दुसरीकडे हलवावे लागले. प्राणवायूच जपून वापरायचा म्हटल्यावर भूल देऊन करायची ऑपरेशनं पुन्हा मागे पडणारच.

६१ देशांतल्या २०,००६ कॅन्सर रुग्णांचा माग काढणारा आणखी एक अभ्यास ऑक्टोबर २०२१ मध्ये आला. हे सगळे ऑपरेशन ठरलेले रुग्ण होते. कडक लॉकडाऊन असलेल्या भागांत त्यांतल्या १५ टक्क्यांचं ऑपरेशन झालंच नाही. निर्बंध सौम्य होते तिथे हे प्रमाण ०.६ टक्के होतं. लॉकडाऊन नकोच, असा याचा अर्थ मी काढत नाही. मुंबईत धारावीसारख्या वस्तीत तो नसता तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. पण लॉकडाऊन लावणाऱ्यांच्या टेबलावर कॅन्सरच्या रुग्णाच्या प्रवासाचा, धर्मशाळेचा आणि रक्ताचा कागद त्याच दिवशी असायला हवा.

कुणाचं ऑपरेशन साथीमुळे, संपामुळे किंवा पुरामुळे पुढे गेलं, तर डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. माझा आजार किती आठवडे थांबू शकतो? तोवर एखादी गोळी, इंजेक्शन किंवा रेडिएशन देता येईल का? आणि इथे जमत नसेल तर दुसऱ्या कोणत्या रुग्णालयात पाठवाल? तिसरा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून. विचारावा. दुसरीकडे जाताना तिथे फाइल, स्कॅनची सीडी, आणि 'स्लाइड-ब्लॉक' मागतात. ब्लॉक म्हणजे बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो तो, आणि स्लाइड म्हणजे त्याचा काचेवर लावलेला पातळ काप. ब्लॉक नसेल तर पुन्हा बायोप्सी करायची वेळ येते, आणि त्यात आठवडे जातात. २०२० मध्ये लॅब बंद असल्यामुळे कित्येकांचे ब्लॉक तिथेच अडकून पडले होते. बहुतेक लॅब लेखी अर्ज घेऊन ब्लॉक देतात, आणि तो अर्ज रिपोर्ट हातात येईल त्याच दिवशी देता येतो.